गाडीचा खांदा

माहं नाव रेखा. माहेर घाटंजीकडचं, आन् माह्या बापाच्या दारात बैल कधी बांधेलच नव्हता, तो मजुरी करे, म्हनून पोळ्याले आम्ही भावंडं दुसऱ्याच्या बैलायमागं गावच्या पोळ्याच्या तोरनापर्यंत जाऊ आन् घरी येऊन मातीच्या बैलाले पोळीचा तुकडा दाखवू. मंग लग्न होऊन महागाव तालुक्यात या घरी आली त इथं खऱ्या बैलायची जोडी, पाखऱ्या आन् चांद्या, काय सांगू तुम्हाले, मी नवऱ्याच्या तोंडाकडं नंतर पाह्यलं, पहिले गोठ्याकडं पाह्यलं. त्याचे टोमने हे मले अजूनबी मारतात.

बैल म्हंजे मामाजीचा जीव. मामाजी म्हंजे माहे सासरे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकनी असते, वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा दुखते म्हनून त्याले तूप-हळद चोळाची आन् कानाशी जाऊन म्हनाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मामाजी हे इतक्या मायेनं म्हनत का सोयऱ्याले बी कोनी तसं म्हनत नसंन. आन् दुसऱ्या दिवशी बैलायनं पुरनपोळी खाल्ल्याबिगर घरात कोनी तोंडात घास घेत नसे.

मंग वावरात ट्रॅक्टर आलं, मामाजीचे गुडघे गेले, आन् यायनं, म्हंजे माह्या नवऱ्यानं, एक दिवस जोडी इकली आन् सात शिटांची गाडी घेतली. गावची मानसं बजाराले न्याची, दवाखान्यात न्याची, उमरखेडले लग्नाले सोडाची. वाईट केलं असं मी म्हननार नाई, तिच्याच जिवावर लेकरं शिकून राह्यले. पन मामाजीनं त्या दिवसापासून पोरासंग बोलनं टाकलं. एक घर, एक चूल, आन् बोलनं माह्यामार्फत. सूनबाई, त्याले सांग मोटर बंद कर. अन् तो बाजूलेच उभा! टपालवाली झालती मी. गाडीत त मामाजी कधी बसलेच नाई, डोळ्याचं आपरेशन झालं तरी पट्टी बांधून यष्टीनं आले, आन् हे त्या यष्टीच्या मागं मागं रिकामी गाडी घेऊन. लोक हासत. मले हासू नाई ये.

आता या गाडीले सर्व्हिसिंग लागते, आन् ते बी यवतमाळच्या शोरूमलेच, गावातल्या मिस्त्र्यानं हात लावला त वारंटी जाते म्हने. मामाजी माह्याकडं पाहून म्हनत, बैलाची वारंटी कोनी देल्ली होती बावा. आन् शोरूमची तारीख म्हंजे, पोरीची सोयरीक लवकर जुळंन पन ते नाई भेटाची. फोन लावला का गानं वाजते, मंग एक बाई गोड आवाजात म्हनते का तुमचा फोन आमच्यासाठी लई मोलाचा हाय, थांबा. थांबलो. हे फोन कानाले लावूनच जेवाले बसत, मी म्हनो, त्याच बाईले म्हना वाढाले. मंग तिकडून जवाब, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात गेले त आनखी पुढं. इकडं ब्रेक किरकिर करून राह्यला, अशा गाडीत लोकायची लेकरं कशी बसवाची, म्हनून गाडी उभी आन् कमाई बी उभी. शेवटी तारीख भेटली ते नेमकी पोळ्याच्या आदल्या दिवशीची. संध्याकाळपर्यंत देतो म्हने. हे दिवसभर त्या काचेच्या खोलीत थंडीनं आखडून बसले, आन् संध्याकाळी काय, त सामान आलं नाई, अर्धे लोक पोळ्याच्या सुट्टीवर गेले, दोन दिवसानं फोन करा. आले हे यष्टीनं हात हालवत.

पोळ्याच्या सकाळी चुलीवर पुरन शिजत होतं. जोडी इकल्यापासून आम्ही मातीचेच बैल पुजो, मी मनात म्हनो, रेखे, तुह्या बापाचं घर तुह्या मागं मागं इथंच आलं. तेवढ्यात मामाजी बाहेर आले, लिंबाखाली पाह्यलं. पाखऱ्या-चांद्या जिथं बांधत तिथंच गाडी उभी राहे, ते जागा रिकामी. गाडी कुठी हाय? मी म्हनलं शोरूमले हाय, झाली नाई. मंग म्हातारा जो पेटला! आज? पोळ्याच्या दिवशी? अवं, भाड्यानं देल्ला बैल बी पोळ्याले मानूस घरी आनते, आन् या घरचं जितराब आज परक्याच्या दारात उपाशी उभं? मी पळी हातात धरून तशीच उभी. ज्या गाडीकडं या मानसानं कधी मान वळवून पाह्यलं नाई, तिले तो जितराब म्हनला. हे दारातच होते, यायनं बी आयकलं, पन बोलतीन कसे.

ते खाईन तवाच मी खाईन, म्हने. साखरेची बिमारी, सकाळची गोळी घेतलेली, पोट रिकामं. लेकरं शेजारी ठेवले, ताट भरलं, वरून फडकं बांधलं, वाटीत तूप-हळद घेतली आन् आम्ही तिघं यष्टीत बसलो. बाप खिडकीशी, पोरगा दुसऱ्या खिडकीशी, मधात मी आन् मांडीवर पुरनपोळी. रस्त्यात मामाजीचे हात कापाले लागले, मी म्हनलं अर्धी पोळी खाऊन घ्या, त माह्याकडं पाह्यलंच नाई. तुम्हाले खरं सांगतो, मले त्या दिवशी दोन भेव होते. म्हातारा रस्त्यात पडंन हे एक, आन् तिथं कोनी हासलं त या दोघायचं बोलनं मरेपर्यंत बंदच राहीन हे दुसरं.

शोरूमात साहेब म्हने, काका, गाडी आज नाई होत. मामाजी म्हने, मले नेयाची नाई, तिले जेवू घालाचं हाय. साहेब मंग म्हने, वर्कशॉपात बाहेरच्या मानसाले जाता येत नाई. मामाजी म्हने, बरं, थांबतो. आन् धोतर सावरून त्या गुळगुळीत सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन बसले. त्या साहेबानं एकदा ताटाकडं पाह्यलं, एकदा म्हाताऱ्याच्या कापत्या हातायकडं, आन् हळूच इचारलं, काका, काल खांदशेकनी राह्यली असंन ना मंग? तो बी आपल्याच इकडचा निंगाला. म्हने, या.

आत पाह्यतो त गाडी वर टांगेल, पुढचे चाक काढेल. मामाजी म्हने, अरे, हिचे पाय कुठी गेले? सगळे हासले, पन ते हासनं वाईट नव्हतं. चश्म्यावाला एक वयस्क मिस्त्री होता, त्यानं चाकं बसवले, गाडी खाली उतरवली. मी लोट्यानं चारी पाय धुतले, कुंकू लावलं. मामाजी वाटी घेऊन गाडीभोवती फिरून राह्यले, त्यायले खांदा सापडेना. मिस्त्र्याले म्हने, भाऊ, हिचं जू कुठी बसते, ओझं कुठी येते? मिस्त्र्यानं बोनट उघडलं, चाकाच्या वरची आतली जागा दाखवली, म्हने इथं, बावाजी, सारा भार इथं येते. मामाजीनं तिथं तूप-हळद चोळली, दोन्हीकडं, हळूहळू, आन् वाकून म्हनले, काल आवतन द्याचं राह्यलं माय, आज एकदमच जेव.

बोनट लावून पोळी त्याच्यावर ठेवली, मंग मोडली. मिस्त्री म्हने हात काळे हायेत, त मामाजीनं त्याच्या तोंडातच घास घातला. आन् मंग वळून म्हनले, सुधाकर. नुसतं नाव. माह्यामार्फत नाई, सरळ. सुधाकर, हे घे, राबते तू. आन् घाईनं हाकत नोको जाऊ. यायनं घास घेतला आन् गाडीच्या मागं जाऊन उभे राह्यले. मी त तिथंच रडली, लपवाचं काय त्यात. शेवटी मामाजी जेवले, त्याच सोफ्यावर बसून, साहेबानं पानी आनून देल्लं.

आता मामाजी पुढच्या शिटावर बसतात आन् पोराले रस्ताभर शिकवतात, हे मले म्हनतात, बोलत नव्हते तेच बरं होतं. तारीख अजूनबी लवकर नाई भेटत. फोनवरची बाई म्हनते थांबा, त मामाजी फोन हिसकून म्हनतात, थांबतो बाई, पोळ्याले जेवाले ये. ज्या तारखेले मी इतक्या शिव्या देल्ल्या, ते जर वेळेवर भेटली असती त माह्या घरातले हे दोघं कायले बोलले असते? म्हनून मी आता शिव्या देत नाई. कमी देतो.

यंदा बी शोरूमची तारीख खांदशेकनीच्याच दिवशीची भेटली, पन गाडी संध्याकाळच्या आत घरी आली. लिंबाखाली उभी केली, मामाजी वाटी घेऊन आले, यायनं बोनट उघडलं, आन् पाह्यतो त चाकाच्या वर, दोन्ही जागी, हळद अगोदरच लावेल. मामाजीनं बोट फिरवलं, वास घेतला, म्हने घरचं तूप हाय, इकतचं नाई. मंग आपलं बी त्याच्यावरच चोळलं. त्या चश्म्यावाल्या मिस्त्र्याचं नाव बी आम्हाले माहीत नाई, पन मी त्या दिवशी देवापुढं दिवा लावला आन् म्हनलं, देवा, त्याचा खांदा कधी दुखू नोको देऊ.