अण्णांच्या खिशातलं पहिलं पेन

शंकरअण्णांच्या शर्टाचं तुम्हाला कधी सांगितलं का? पंच्याहत्तर सालच्या आसपास आम्ही चार-पाच हौशी मंडळी रविवारी त्यांच्या अंगणातल्या लेथवर एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, दांडे कातून शाईची पेनं करायचो. अण्णांचा नियम एकच होता. नवशिक्याचं पहिलं पेन आठवडाभर अण्णांच्या खिशात राहणार, आणि त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत.

आता पहिलं पेन म्हटल्यावर ते गळणारच. पण अण्णा छातीवर निळा डाग मिरवत म्हणायचे, "लई झ्याक जमलंय की! आता दुसरं करा." माणूस खूश होऊन लगेच दुसऱ्या पेनाला हात घालायचा.

एका रविवारी अण्णांच्या बायकोच, मालनकाकू, डागाळलेले शर्ट घेऊन अंगणात आल्या. म्हटलं, संपलं, आज लेथ कायमचं बंद.

"सरका," काकू म्हणाल्या. "एकाला बी न गळणारं पेन जमत न्हाय व्हय? मी करून दावते."

आणि दुपारपर्यंत केलंही की त्यांनी! अण्णांनी शाई भरून पेन खिशाला लावलं. आमचा चहा संपायच्या आत शर्टावर हा एवढा डाग! तेवढा मोठा आमच्यापैकी कुणालाच जमला नव्हता.

अण्णांनी डागाकडं बघितलंसुद्धा नाही. "लई झ्याक जमलंय की, मालन!"

"ते या लोकांना सांगा," काकू म्हणाल्या. "शर्ट मी धुते. काढा तो, आन् दुसरा दांडा द्या हिकडं."