डिकीतला सिलिंडर

गाडी घ्यायची असेल तर आमच्या दादाला तेवढं विचारू नका. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. पंच्याण्णवच्या सुमारास आम्ही सुरतेत, भेस्तानला राहायचो. अर्धांगवायूने आईचे पाय गेले होते. तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायला आम्ही दोघा भावांनी जुनी मोटार घ्यायची ठरवली. दादा हजीऱ्याला गॅसच्या प्लँटमध्ये होता, त्याला गाड्यांमधलं कळतं म्हणून निवड त्याच्यावर सोडली.

रविवारी तो गाडी घेऊन दारात हजर. "गॅसचं किट बसवून आणलंय. ॲव्हरेज बघशील तर वेडा होशील!"

मी आईची चाकांची खुर्ची कुठे बसते ते बघायला डिकी उघडली. आत हा भला मोठा सिलिंडर!

"दादा, खुर्ची कुठे ठेवायची?"

"खुर्ची कशाला? उचलून न्यायचं. तिला रोज थोडंच कुठे जायचंय?"

आई दारात खुर्चीतच बसली होती. मी तोंड उघडणार, तोच ती कडाडली, "मग उचल. आत्ता उचल!"

दादाने हसत हसत तिला उचललं. गाडीपर्यंत पोचेस्तोवर त्याला धाप लागली. तिला सीटवर ठेवायला वाकला, तशी तिने त्याची मान घट्ट धरली.

"ठेवतोस कुठे? दवाखान्यात तासभर रांग असते. तेवढा वेळ असंच धरून उभा राहा."

दादाने तिला परत खुर्चीत आणून बसवलं आणि सिलिंडर काढायला गाडी तशीच मागे फिरवली.