माहेरची ओळ, सासरची ओळ

नाही, उठू नका, अहो, एवढंच बघून जा — कॉम्प्युटर तुम्हीच घेऊन दिलात, जावाचा क्लासही तुम्हीच लावलात, आता भोगा. तर अ‍ॅरे. अ‍ॅरे म्हणजे काय, तर ओळीनं मांडलेले डबे, आणि अख्ख्या ओळीला मिळून एक नाव. मोजायचं शून्यापासून — का, ते मला विचारू नका, कॉलेज रोडच्या आमच्या सरांना विचारून झालंय, ते फळा पुसायला लागतात. मी ओळीला नाव दिलं माहेर. डब्यांत काय भरलं? शून्यात उशिरा उठणं, एकात मोठ्यानं हसणं, दोनात तृप्ती. उदाहरण आहे हो, तोंड कशाला वाकडं करता. मग खाली लिहिलं, सासर बरोबर माहेर. मला वाटलं, झाली नक्कल — एक ओळ तिकडे पंचवटीत, एक इकडे नाशिक रोडला. मग सासरच्या दोन नंबरच्या डब्यातली तृप्ती काढली आणि किशोरी ठेवली. आईंनी लग्नात ताटातल्या तांदळांवर तुमच्याकडून लिहून घेतलं, तेच. तुम्ही किशोर, मी किशोरी — नावातसुद्धा काटकसर. आणि सहज माहेर छापून बघितलं, तर तिथेही किशोरी.

सर म्हणाले, त्या बरोबरच्या चिन्हानं नक्कल होतच नाही — डबे तेच, ओळ तीच, तिला फक्त आणखी एक नाव मिळतं. वेगळी हवी तर न्यू लिहून नवे डबे मागवायचे आणि एकेक भरत बसायचं. सगळा क्लास हसला. मीही हसले — म्हणजे, हसलेच होते, पण परवा तो फोन आला ना, तुम्ही विचारलंत कुणाचा, मी म्हटलं राँग नंबर — तो माझ्या बाबांचा होता. म्हणाले, किशोरी आहे का? तुमच्याकडचं कुणी उचललं असेल म्हणून, मान राखायला. मी म्हटलं, नाही, आणि ठेवून दिला. त्यांनी आवाज ओळखला की नाही, कोण जाणे.

असो. उद्या क्लासात परीक्षेसाठी नाव द्यायचंय, सर्टिफिकेटवर तेच येणार. मी तृप्ती देणारे. विचारत नाहीये, सांगतेय — म्हणजे विचारणारच होते, पण तुम्ही नुसते स्क्रीनकडे बघताय. आईंना कोण सांगणार? तुम्ही. ऐकलंत? स्वयंपाकघरातून किशोरीला हाक मारतायत. मला प्रोग्रॅम सुधारायचाय. तुम्ही जा — निम्म्याहून जास्त नाव तुमचंच आहे.