टाका नव्हे, पाणी

...आणि मला म्हणे सुई शिकवणार! मला! तुम्हाला सांगतो, ज्या वयात पोरं पेन्सिली चावतात त्या वयात मी काजं करत होतो, ढेरपोट्यांना मी सडपातळ केलंय, एक खांदा पडलेल्यांना सरळ केलंय, आणि ही माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टरीण माझ्यासमोर सुई धरून म्हणते, "काका, हे टोक आत जातं बरं का." टोक आत जातं! मी म्हटलं, बाई, बाकी सगळं शिकवा, सुईचं मला शिकवू नका.

आता तुम्ही म्हणाल, शिंप्याचं जनावरांच्या दवाखान्यात काय काम? तर चिंधी. आमची मांजर. दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात सापडली, मुठीएवढी होती, म्हणून चिंधी. पण नावावर जाऊ नका, तोरा सगळा रेशमाचा. मी टेबलावर कापड पसरलं रे पसरलं की ही मधोमध येऊन बसणार, आणि मी आपला तिच्या कडेकडेने खडू ओढणार. गिऱ्हाइकं म्हणायची, हाकला की तिला. हाकला? अहो, दुकान तिचं आहे, मी कामाला आहे.

तर मध्यंतरी ती सारखी पाणी प्यायला लागली, बादलीत तोंड घालून, आणि अंगाने मात्र उतरत चालली. तपासलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. बरी नाही होणार. पण घरी कातडीखाली सलाईन देत राहिलात, तर आहेत ते दिवस सुखात जातील." आमची ही तिथंच डोळ्याला पदर लावून बसली. मी नाही. मी म्हटलं, रडतेस कशाला, सुईचंच काम आहे ना? मग घाबरायचं काय कारण?

घरी आलो, म्हणजे दुकानातच, घर मागेच आहे. कोट टांगायच्या दांडीला सलाईनची पिशवी अडकवली, टेबल पुसलं, बोटात सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान चढवलं... हसू नका, सवय असते. हिने चिंधीला मांडीवर धरलं. मानेमागची कातडी चिमटीत उचलली, सुई आत घातली, जरासुद्धा कळ नाही, चिंधीने कानसुद्धा हलवला नाही. मी हिच्याकडे असं बघितलं, म्हटलं, बघ, याला म्हणतात हात. ही म्हणाली, "ते खरं, पण माझी मांडी का भिजतेय?"

तुम्हाला सांगतो, काय झालं असेल? अहो, सुई इकडून आत आणि तिकडून बाहेर! जन्मभर ज्या हाताने सुई घातली की पलीकडून काढली, तो हात मध्येच थांबेल कसा? मी वर दोराही ओढायला गेलो होतो. ही म्हणाली, "अहो, पाणी घालायचंय तिला, टाका नाही." म्हटलं, कळतं मला, सुईचं मला शिकवू नका. परत घातली. परत पलीकडे. तिसऱ्या वेळी चिंधीनेच मागे वळून बघितलं, बिघडलेला कोट परत आणणारं गिऱ्हाईक बघतं तसं.

दवाखान्यात जाऊन विचारू? मी? मेलो तरी नाही. शेवटी हिनेच डोकं लढवलं. कातडीच्या पलीकडे स्वतःचं बोट लावलं आणि म्हणाली, "आता घाला. माझं बोट आलं की थांबा." तुम्हाला सांगतो, हिला सुईची एवढी भीती की माझ्या दुकानात चपला काढत नाही, खाली पडलेली टाचणी टोचेल म्हणून. आणि तिने बोट लावलं! मग हात थांबला. बायकोच्या बोटात सुई घालायची कुणाची छाती आहे? पाणी आत गेलं, आणि सगळं एका बाजूला उतरलं, म्हणजे चिंधी निघाली ती एकाच खांद्यात पॅड भरल्यासारखी डुलत. मी म्हटलं, फिटिंग जरा चुकलंय, बसेल हळूहळू.

आणि बसलं की! पुढे बोटाचीही गरज लागेना, हाताला वळण लागलं, सुई आत गेली की आपोआप थांबायची. चिंधी तर अशी तरतरीत झाली की काय सांगू, पुन्हा टेबलावर उडी, पुन्हा कापडाच्या मधोमध. शेजारचा लाँड्रीवाला म्हणायचा, "मांजराला सलाईन? उद्या चष्मा लावाल तिला." म्हटलं, लागला तर लावीन, तुझं काय जातं?

त्यातच आमचे हेडमास्तर निवृत्तीच्या समारंभासाठी कोट शिवायला टाकून गेले. शाळेतनं निवृत्त होणार, पण शिकवणं सुटलंय कुठे? "कॉलर अशी असावी, अस्तर असं असावं, टाका बारीक असावा." मी फक्त मान डोलावतो. कोट मांडला टेबलावर, आणि चिंधी जाऊन बसली बरोब्बर अस्तरावर. म्हटलं, झोप बाई, समारंभ काही उद्या नाही.

ती तिथून उठेचना हो. माशाचा तुकडा नाकाशी धरला, तोंड फिरवलं. सलाईन दिलं, तर पाणी तसंच कातडीखाली राहिलं, अंग घेईना. उडी तर सोडाच, टेबलावरून खाली उतरवावी लागायची. डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. "काका, आता तिला त्रास होतोय. कधी थांबायचं, ते तुम्ही सांगा."

मी म्हटलं, थांबायचं कशाला? पिशवी आहे, सुई आहे, हात माझा आहे. मी सुई घेतलीसुद्धा. कातडी चिमटीत धरली. चिंधीने माझ्याकडे बघितलंही नाही, नुसती धापा टाकत होती. आणि हिने पुन्हा बोट लावलं. कातडीच्या पलीकडे नाही, अलीकडे. सुई आणि चिंधीच्या मध्ये.

"थांबा," म्हणाली.

थांबलो. काय करणार? बायकोच्या बोटात सुई घालायची माझी छाती नाही. शेवटची सुई डॉक्टरीणबाईंनीच घातली, त्या अस्तरावरच, आणि मी चिंधीचं डोकं धरून होतो. तेव्हा मात्र रडलो, हिच्यापेक्षा जास्त, सांगायला लाज कसली? बाईंचा हात चांगला आहे. मी त्यांना तसं सांगितलं.

आता ऐका. दुकान उघडलं, कोट घेतला, सुई घातली... आणि हात थांबला. मध्येच! पुढे जाईना. परत घातली, परत थांबला. लावलंय ना वळण! एका कॉलरला सकाळ जाते माझी. आणि नेमके हेडमास्तर दारात. कोटावरचे चिंधीचे पांढरे केस बघितले, माझ्याकडे बघितलं, खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि एखाद्या पहिलीतल्या पोराला सांगावं तसं म्हणतात, "अहो, आत घातलीत ना? आता ती पलीकडून काढायची. हं, अशी."

सुईचं! मला! तोंडापर्यंत आलं होतं, तुम्हाला सांगतो...

म्हटलं, सर, परत एकदा दाखवता का?