भास्कररावांनी खोदलेली विहीर

सुधावहिनी, मेधा आणि इथे जमलेल्या सर्व इंदिरानगरकरांनो,

वर्गात शब्दांसाठी मी कधी अडले नाही. आज अडते आहे. भास्करराव पहिल्या रांगेत नसताना बोलायची मला सवय नाही.

सोसायटीत कुठलाही भोंगा वाजला, की बूट घालून खाली येणारे आणि माणसं मोजत उभे राहणारे गृहस्थ म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. ती समुद्रातल्या तेलाच्या रिगवरची सवय; तिथे धोक्याचा भोंगा वाजला, की आधी माणसं मोजतात. पंधरवडा समुद्रात, पंधरवडा नाशकात, अशी त्यांची सारी नोकरी झाली. विहिरी खोदणारे अभियंते होते ते.

मी पर्यावरणशास्त्र शिकवते. आपल्या अभ्यासमंडळात मी सरकारचं हवामान धोरण उलगडून सांगत होते. तेल आणि वायूपासून टप्प्याटप्प्यानं दूर का व्हायचं, समुद्रातल्या थकलेल्या विहिरी आधी का बंद करायच्या, वगैरे. भास्करराव वहिनींना मोठ्यानं म्हणाले, बाईंनी आपल्या लेकीची नोकरी फळ्यावरच पुसून टाकली. सगळे हसले. ते हसले नाहीत. त्यांची मेधा त्याच समुद्रात, त्याच कामावर नुकतीच रुजू झाली होती.

नंतर जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"मॅडम, मी आयुष्यभर चुकीचं काम केलं का?"

मी म्हटलं, त्या तेलावर आपल्या एसट्या धावल्या, त्या वायूवर आपले स्वयंपाक झाले. तेव्हा ती गरज होती. आता हवा तापते आहे, म्हणून थांबायचं. पण थांबवणं हेही काम आहे, आणि ते खोदणाऱ्यालाच येतं.

हे मात्र त्यांना पटलं. कारण तेलविहीर झाकण लावून बंद होत नाही. खोल आत सिमेंट भरायचं. ते घट्ट होईपर्यंत थांबायचं. मग त्यावर दाब देऊन पाहायचं. दाब टिकला, तरच वरचा थर. घाई केली, की वायू वाट काढतो. पुढच्या बैठकीत भास्कररावांनी हे सारं काचेच्या नळीत करून दाखवलं. काय सुरेख समजावलं हो त्यांनी! मी विद्यार्थिनीसारख्या टाळ्या वाजवल्या.

पुढे मेधा विहिरी बंद करणाऱ्या तुकडीत गेली. आणि गेल्या महिन्यात तिच्या वाट्याला आली ती विहीर तिच्या वडिलांनीच तरुणपणी खोदलेली. ते तेव्हा रुग्णालयात होते. विहीर धड मिटेल ना, पोर धड परतेल ना, एवढंच विचारायचे. तिचा फोन आला तेव्हा मी तिथे होते.

"बाबा, दाब टिकला."

"काटा नीट पाहिलास ना?"

"तिघांनी पाहिला, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. "मग आता जेवून घे."

किती मोकळा आवाज होता तो! त्यानंतर ते गेले, पण तो आवाज ऐकला म्हणून आज मला दुःखाहून दिलासाच अधिक वाटतो, आणि ते सांगताना संकोच वाटत नाही. आपण उघडलेलं काम आपल्याच लेकीच्या हातून नीट मिटलेलं पाहायला किती जणांना मिळतं?

भास्करराव, मेधा सुखरूप परतली आहे. ती इथे, वहिनींशेजारी बसली आहे. तुम्ही निश्चिंत असा.

आपण सारे उभे राहू या. भास्कररावांना निरोप देऊ या.