चूक सोसणारी भुकटी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले संचालक व पाहुणे मंडळी, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या डॉक्टर बाई, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले असून व्यवसाय सायकल दुरुस्तीचा आहे. या प्रयोगशाळेच्या सभागृहात हा गृहस्थ काय बोलणार, असे आपणांस वाटले असेल. मलाही वाटले होते. परंतु बाईंनी निरोप धाडला की, काका बोलणार नसतील तर मला हारही नको. निरुपाय झाला.

आमच्या दुकानात माझ्या मुलाने विजेच्या स्कूटरींचे काम सुरू केले होते. एके दुपारी चार्जिंगला लावलेली बॅटरी पेटली. तो बाहेर आला नाही. त्याविषयी याहून अधिक मी बोलणार नाही.

लोक हळहळले, आणि हळहळता हळहळता असेही म्हणाले की, त्याचाच हलगर्जीपणा असणार. बापाला दुसरे काय हवे असते? चूक त्याची नव्हती, एवढे कोणा जाणत्याने म्हणावे, हीच माझी इच्छा होती.

आगीची तपासणी या प्रयोगशाळेतर्फे बाईंकडे होती. ती आटोपल्यावर त्या घरी आल्या. सुनेने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"काका, चार्जर दुसऱ्या बॅटरीचा होता. चूक त्याची होती."

"झालं तुमचं? मग या आता," मी म्हणालो.

"अर्धंच झालंय. घाईत चार्जर बदलतो. ही चूक कोणीही करील, मीसुद्धा. तेवढ्यासाठी माणूस जाता कामा नये. आमच्या भुकटीनं ती सोसायला हवी होती. ती चूक आमची."

भुकटी म्हणजे काय, हे त्यांनी मला तेथेच उभ्याने समजावले. बॅटरीच्या धन बाजूस एक काळी भुकटी असते, जी बाई येथे बनवीत. ती मर्यादेबाहेर तापली की स्वतःच प्राणवायू सोडू लागते, आणि आगीला घरचाच पुरवठा मिळतो. मग ती विझणार कशी? दाण्यादाण्यावर पातळ कवच चढवावे, दाण्याच्या आत प्राणवायू धरून ठेवणारा धातू किंचित मिसळावा, असे त्यांच्या मनात होते. कवच जाड झाले तर बॅटरी मंदावते, पातळ झाले तर तग धरत नाही. जाताना त्यांनी दुकानातला तसलाच दुसरा चार्जर मागितला. मी खिळ्यावरून काढून दिला.

त्या चार्जरला येथील तरुण मंडळी 'काका' म्हणतात, हे मला फार उशिरा कळले. नवी भुकटी तयार झाली की, "चला, काकांपुढे उभी करा हिला," असे म्हणतात म्हणे. काका कोणाचेही ऐकून घेत नाहीत, हे त्याचे कारण. मला राग यावयास हवा होता. आला नाही.

कित्येक भुकट्या काकांपुढे नापास झाल्या. वरिष्ठ विचारीत, योग्य चार्जरवर ती उत्तम चालते, मग चुकीच्या चार्जरचा हट्ट कशासाठी? बाईंचे उत्तर ठरलेले असे: "योग्य चार्जर लावणाऱ्यांना माझी गरजच नाही." अखेर एक भुकटी टिकली. तेव्हाही त्यांनी मला खोटी आशा दाखविली नाही. "पेटणारच नाही, असं मी म्हणत नाही, काका. पण माणूस दारापर्यंत पोचेल."

आता दुकान माझी सून चालविते. गेल्या वर्षी ग्राहकांच्या गर्दीत, या नव्या भुकटीच्या बॅटरीस, तिने दुसराच चार्जर लावला. होय, तिनेच, जिने सर्व पाहिले होते. बॅटरी फुगली, धुराने दुकान भरले, आणि सून खोकत खोकत रस्त्यावर आली. मी तिला चारचौघांत नको नको ते बोललो. डोळे कुठं होते तुझे, अक्कल गहाण टाकलीस का, सर्व काही. ती मान खाली घालून ऐकत होती. बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की, माझी बोलणी खावयास ती समोर उभी आहे. हेच सर्व मला मुलाला बोलावयाचे होते.

ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

म्हणून आज आपणां सर्वांसमक्ष सांगतो. चार्जर चुकीचा होता. चूक माझ्या मुलाची होती. हे वाक्य माझ्या तोंडून प्रथमच निघत आहे. बाई, आपण ते तेव्हाच सांगितले होते. ते उच्चारण्याचे बळ मला आपल्या कामाने दिले.

संचालक महोदयांना एक विनंती. बाई निवृत्त होत आहेत, काकांना निवृत्त करू नये. तो चार्जर येथील भिंतीवरच असावा आणि प्रत्येक नवी भुकटी त्याच्यापुढे उभी राहावी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात माझ्याकडून काही चुकले असल्यास, बाईंच्या भुकटीप्रमाणे, आपणही ते सोसून घ्यावे.