पाचवीच्या पाटावरची कात्री

नाव नृसिंह भाऊ सुतार, वय ६७, धंदा पूर्वी प्राथमिक शिक्षक, हल्ली पेन्शनर, राहणार कोडोली, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर. तारीख १४ फेब्रुवारी १९५६.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी आक्का, मुलगा व सून श्यामला यांच्यासह राहतो. हाफिजा नबीलाल मुल्लाणी या सुईणीस मी तिच्या लहानपणापासून ओळखतो. तिला शाळेत घातले नव्हते. पण कवितेच्या तासाला ती खिडकीबाहेर उभी राहून आमच्याबरोबर चाल धरीत असे. दुपारचे ऊन, साऱ्या वर्गाचा एक सूर, आणि बाहेरून तो बारीक आवाज... (हवालदारांनी मुद्द्याचे सांगा म्हटल्यावरून पुढे सांगतो.)

गतवर्षी सरकारने गावात प्रसूती केंद्र काढले. तेथील नर्सबाईंनी सुइणींना शिकवून प्रत्येकीस पत्र्याची पेटी दिली. पेटीत साबण, दोरा व कात्री असते. कात्री उकळून मगच नाळ कापायची, असा नियम आहे. पूर्वी विळ्याने कापीत. माझी मुलगी नंदिनी हिच्या बाळाची विळ्यानेच कापली होती. ते धनुर्वाताने गेले. त्याबाबत अधिक सांगणे नाही.

चालू महिन्याच्या चार तारखेस श्यामलास मुलगा झाला. हाफिजा आली तेव्हा आक्काने तिला सोप्यातच अडवून म्हटले, "तू गं कवापास्नं सुईण झालीस?"

"सरकारनं केलीया की, आक्का. आधी पाणी उकळाय ठेवा, मग भांडा."

आक्काने पाणी ठेवले. बाळंतपण सुखरूप झाले. हाफिजाने कात्री धुऊन कोनाड्यात वाळत ठेवली, ती तेथेच राहिली.

पाचव्या दिवशी दिवेलागणीस घरी पाचवी पुजली. सटवाईने बाळाचे नशीब लिहावे म्हणून कोरा कागद व माझा टाक मी पाटावर ठेवला. विळा ठेवतात त्या जागी आक्काने सरकारी कात्री मांडली. आम्ही सुतार, हत्याराला हळदकुंकू वाहण्याची आमची रीत आहे. आक्का त्या पाटासमोर बराच वेळ बसून होती.

दुसरे दिवशी हाफिजा बाळाला पाहण्यास आली व म्हणाली, "आक्का, कात्री द्या की. नर्सबाई पेट्या तपासणार हाईत."

"देवीम्होरं हाय ती. बारसं झाल्याबिगर हलवायची न्हाय. आन् कुठं बोलू नगंस. मुल्लाण्याच्या सुनंची कात्री देवाला लावली म्हणत्यात लोक."

"न्हाय बोलत," असे म्हणून ती गेली.

पेटीत कात्री नसल्याचे तपासणीत आढळले. कात्री कोठे आहे हे विचारता हाफिजा गप्प राहिली. त्यावरून पंचायतीचे हंबीरराव यांनी, तिने ती बाजारात विकली, सबब पेटी काढून घेऊन तिला सुईणपणातून कमी करावे, अशी तक्रार दिली. हे मला आज सकाळी समजले. कात्री विकलेली नाही. माझ्या घरी पाटावर होती.

मी आक्काला म्हणालो, "बारसं परवा आहे, पण पोरीची पेटी आज जातेय." तिने बाळाचे डोके पाटाला टेकविले व कात्री पदरात घेऊन माझ्याआधी उंबरा ओलांडला. ठाण्याच्या ओट्यावर हंबीरराव दिसताच ती म्हणाली, "पाटील, तुमच्या सुनंला दिवस गेल्यात न्हवं? इळा धाडून देऊ व्हय?" हंबीरराव टोपी सारखी करीत राहिले. हे वाक्य लिहिण्याची गरज नाही असे हवालदार म्हणाले. मी लिहावयास सांगितले.

कात्री मुद्देमाल म्हणून कापडात बांधून लाखेने बंद करणार, असे मला सांगण्यात आले. माझे म्हणणे की, तसे करू नये. वेशीबाहेरील वस्तीत तानाबाई हिला सकाळपासून कळा येत आहेत. त्या वस्तीत हाफिजाखेरीज दुसरी सुईण पाऊल टाकीत नाही. तानाबाईचा नवरा ओट्याखाली उभा आहे.

हवालदारांनी लाख बाजूस ठेवली व चहाचे पातेले पाणी घालून चुलीवर चढविले. चौकशीसाठी ठाण्यात आणलेल्या हाफिजाने कात्री त्यात सोडली.

हा जबाब मला वाचून दाखविला, तो मी सांगितला तसाच आहे. वाचन होईतो पातेल्यातले पाणी हळदीने पिवळे झाले होते. ते ओतून हाफिजाने दुसरे ठेवले आहे.

सही, नृसिंह भाऊ सुतार